पोटातली दुर्बीण आणि तारापूरची खाडी

सफाळे स्टेशनच्या फलाटावर पहाटेच्या गाडीला उभी असलेली माणसं दोन प्रकारची असतात. एक रोजची: भाजीच्या पाट्या, खांद्याला अडकवलेला डबा, ठरलेला डबा आणि ठरलेली जागा. दुसरी अधूनमधून दिसणारी. हातात दुकानाची पिशवी, तिच्यात एक्स-रेचं मोठं पाकीट आणि दोरीनं बांधलेली फाइल, सोबत मुलगा किंवा भाचा, आणि रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. माकुणसार, उसरणी, एडवण, दातिवरे अशा गावांतून रिक्षानं किंवा एसटीनं ही मंडळी स्टेशनवर येतात. ‘पोटाची दुर्बीण’ करायची असते. परळच्या केईएमला, मुंबई सेंट्रलच्या नायरला, नाहीतर बोरिवली-अंधेरीच्या एखाद्या खासगी रुग्णालयात.

वैद्यकीय उपचारांनी पर्यावरणाचं किती नुकसान होतं आणि ते कमी कसं करता येईल, हा विषय सध्या जगभरच्या वैद्यकीय परिषदांमध्ये गाजतो आहे. एंडोस्कोपी त्यात अग्रभागी आहे. रोज मोठ्या संख्येनं होणारी ही तपासणी आहे, तिला पाणी, रसायनं, वीज आणि प्लास्टिक सगळंच लागतं. परिषदा वातानुकूलित सभागृहांत होतात. पण हा विषय खरा कळतो तो विरार ते डहाणू या पट्ट्यात. मुंबईच्या रुग्णालयांना लागणाऱ्या पाण्यातला मोठा वाटा वैतरणेच्या धरणांतून जातो, आणि ती नदी दातिवरे-अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. उपनगरांना वीज पुरवणारं ५०० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र डहाणूत आहे. औषधांचा कच्चा माल बोईसरला लागून असलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत बनतो. पाणी, वीज आणि औषध इथून मुंबईकडे जातं, आणि त्याच वाटेनं इथला रुग्णही जातो.

प्रवासाचा धूर

फ्रान्समधल्या एका एंडोस्कोपी केंद्रानं २०२१ या वर्षातला आपला सगळा कारभार कार्बनच्या तराजूत तोलला. एका तपासणीमागे सरासरी २८.४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, असं उत्तर आलं. धक्का आकड्याचा नव्हता, त्याच्या वाटणीचा होता. यातला ४५ टक्के भाग रुग्ण आणि कर्मचारी यांच्या येण्याजाण्याचा होता. उपकरणांचा ३२ टक्के, ऊर्जेचा १२ टक्के. ज्या कचऱ्याच्या पिशव्या सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतात, त्यांचा वाटा फक्त ३ टक्के.

आता हाच हिशेब माकुणसारहून मांडून बघावा. आजारी माणसाला गर्दीच्या गाडीत चढवणं नको म्हणून घरचे बऱ्याचदा गावातली इको गाडी भाड्यानं ठरवतात. महामार्गानं परळला जाऊन परत यायचं म्हणजे सुमारे २०० किलोमीटर. गाडी लिटरमागे १५ किलोमीटर चालली तर तेरा-साडेतेरा लिटर पेट्रोल. एका लिटरमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एका फेरीचे तीस किलो होतात. फ्रान्समधली सबंध तपासणी, तिथली यंत्रं, वीज, कर्मचारी आणि कचरा धरून जेवढा धूर करते, तेवढा इथे नुसत्या गाडीच्या नळीतून निघतो.

बरं, फेरी एकच असती तरी ठीक. पहिल्या दिवशी ओपीडीत दाखवायचं, दुसऱ्यांदा तारखेला जाऊन दुर्बीण करायची, तिसऱ्यांदा तुकड्याचा, म्हणजे बायोप्सीचा रिपोर्ट आणायचा, चौथ्यांदा तो डॉक्टरांना दाखवायचा. यातल्या निदान एकदोन फेऱ्या फोनवर किंवा ई-संजीवनीसारख्या सरकारी दूरसल्ला सेवेवर भागू शकतात. ‘रिपोर्ट चांगला आहे, गोळ्या चालू ठेवा’ एवढंच ऐकायला दोन माणसांनी दिवसाची मजुरी बुडवून जायचं, ही पद्धत पर्यावरण बाजूला ठेवलं तरी अन्यायाचीच.

लोकलनं जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. १६ एप्रिल २०१३ला उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या, त्याला कोणी हवामानाचा कार्यक्रम म्हटलं नव्हतं. पण गच्च भरलेल्या विजेच्या गाडीत एका माणसाच्या वाट्याला येणारं उत्सर्जन भाड्याच्या गाडीच्या तुलनेत नगण्य असतं. पालघरचा लोकलनं जाणारा रुग्ण युरोपातल्या हरित एंडोस्कोपीच्या पुष्कळ पुढे आहे. मात्र ते त्याच्या सोयीनं घडलेलं नाही, हे विसरून त्याचं कौतुक करणं बरं दिसणार नाही.

खरा प्रश्न असा, की साध्या तपासणीसाठी एवढं लांब जावंच का लागतं? पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यापासून वेगळा झाला. तेव्हा त्याला स्वतःचं जिल्हा रुग्णालय नव्हतं, आणि त्याच्या इमारतीचं काम पुढे बरीच वर्षं रेंगाळलं. तलासरी-डहाणूकडचे रुग्ण आजही मोठ्या संख्येनं सिल्वासाच्या सरकारी रुग्णालयात किंवा वलसाडला जातात. दक्षिणेकडचे मुंबई धरतात. पालघर-बोईसरच्या खासगी दवाखान्यांत आता दुर्बीण होते, पण ती परवडणारे मोजके. जवळच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस जरी ही सोय चालली, तरी बराच कार्बन वाचेल. जिल्ह्याच्या आरोग्य आराखड्यात या दृष्टीनं कोणी हिशेब मांडत नाही.

तीन टब आणि एक ब्रश

बोईसर-पालघरसारख्या गावात एंडोस्कोपीची खोली फार मोठी नसते. एक कुशीवर झोपायचं टेबल, पडद्याचा संच, सक्शनचं यंत्र, आणि भिंतीलगत किंवा शेजारच्या छोट्या खोलीत धुण्याची जागा. रुग्णाच्या घशात झायलोकेनचा फवारा मारतात, दातांमध्ये प्लास्टिकचं कडं देतात आणि करंगळीएवढ्या जाडीची लवचिक नळी आत जाते. बहुतेकांना पूर्ण भूल लागत नाही. पाच-सात मिनिटांत काम होतं. पाश्चात्त्य देशांत याच तपासणीला बऱ्याचदा गुंगीचं इंजेक्शन, मॉनिटर, ऑक्सिजनची नळी आणि नंतर विश्रांतीची खाट असा सरंजाम लागतो. इथला रुग्ण तासाभरानं चहा पिऊन निघतो.

तपासणी संपली की खरं काम सुरू होतं, आणि ते डॉक्टरांचं नसतं. तंत्रज्ञ किंवा वॉर्डातले मामा नळी बाहेर येताक्षणी बाहेरून पुसतात, आणि एन्झाइमचं पाणी आतल्या मार्गातून ओढून घेतात. मग नळी पाण्यात बुडवून तिच्यात हवा भरतात. कुठून बुडबुडे आले तर आवरण फाटलं आहे, नळी दुरुस्तीला. बुडबुडे नाहीत, तर लांब दांड्याचा बारीक ब्रश त्या जेमतेम तीन मिलिमीटरच्या पोकळीतून आरपार घालायचा, टोकाला आलेला ब्रश धुवायचा, पुन्हा घालायचा, तो स्वच्छ निघेपर्यंत. त्यानंतर जंतुनाशकाचा टब. त्यात ग्लुटारॅल्डिहाइड असतं, दवाखान्यात सगळे त्याला ‘सायडेक्स’च म्हणतात. वीस मिनिटं नळी त्यात बुडून राहते. वास नाकात शिरतो, डोळे चुरचुरतात, म्हणून खिडकी आणि पंखा हवाच. मग स्वच्छ पाण्यानं खळखळून धुणं, आतून स्पिरिट, हवेचा झोत, आणि शेवटी नळी कपाटात उभी टांगून ठेवणं. गुंडाळून पेटीत ठेवली की आत ओल राहते, आणि ओलीत जंतू वाढतात.

यात सगळ्यात स्वस्त वस्तू ब्रश, आणि सगळ्यात महत्त्वाचीही तीच. आतला मळ एकदा वाळला की त्याचा चिवट थर बसतो, आणि त्याच्या आतल्या जंतूंपर्यंत कितीही महागडं रसायन पोचत नाही. घाईच्या दिवशी, यादी लांब असताना, ब्रशची ही पाच मिनिटंच पहिली कापली जातात. म्हणून हरित एंडोस्कोपीवर खर्च करायला कोणाकडे थोडेसेच पैसे असतील, तर ते धुणाऱ्या माणसाच्या प्रशिक्षणावर आणि पगारावर करावेत. नीट धुतलेली नळी हजारो वेळा चालते. नीट न धुतलेली नळी एक रुग्ण आजारी पाडते, आणि मग सगळं पुन्हा फेकून द्यायच्या संस्कृतीकडे वळतं.

तसं ते वळलंच. २०१५च्या सुमारास अमेरिकेत पित्तनलिकेच्या तपासणीसाठीच्या गुंतागुंतीच्या दुर्बिणींतून औषधांना दाद न देणारे जंतू पसरल्याची प्रकरणं उघड झाली. त्या नळीच्या टोकाला एक हलणारा खटका असतो आणि त्याच्या मागे ब्रश पोचत नाही. डिसेंबर २०१९मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं एकदा वापरून टाकून द्यायच्या पित्तनलिकेच्या दुर्बिणीला पहिली परवानगी दिली. पाठोपाठ जठराच्या तपासणीच्या तशाच दुर्बिणीही आल्या. जाहिरात बिनतोड: धुणं नको, संसर्ग नको, चिंता नको.

पुढे कोणीतरी हिशेब केला. एकदा वापरायच्या जठराच्या दुर्बिणीमागे १०.९ किलो कार्बन डायऑक्साइड, धुऊन वापरायच्या दुर्बिणीच्या एका वापरामागे ४.७ किलो, असं २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात दिसलं. पित्तनलिकेच्या दुर्बिणीच्या बाबतीत तर फरक २४ ते ४७ पट निघाला. अवघड संसर्ग असलेल्या एखाद्या रुग्णासाठी अशी दुर्बीण वापरणं समजू शकतं. सरसकट वापर म्हणजे धुणाऱ्या माणसाचा प्रश्न सोडवायचा कंटाळा कारखान्यावर ढकलणं.

पिवळी, लाल, पांढरी, निळी

अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांनी मिळून २७८ एंडोस्कोपींचा कचरा वजन करून बघितला. प्रत्येकीमागे सरासरी २.१ किलो निघाला. आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यात एवढा कचरा होत नाही. गाऊन कापडी, चादर कापडी, टेबलावर कागदाचा रोल क्वचितच. हिरवं कापड धुऊन ऑटोक्लेव्हच्या ड्रममधून निघून पुन्हा टेबलावर येतं. धुऊन वापरायच्या शस्त्रक्रियेच्या गाऊनमुळे हरितगृह वायू जवळपास दोन-तृतीयांशानं कमी होतात, हे परदेशी संशोधकांनी २०२०मध्ये आकड्यांनी दाखवलं. आपल्याकडच्या परीटमामांना ते सांगायची गरज पडली नव्हती.

पण कचऱ्याचा प्रश्न नुसता कार्बनचा नाही. २००९मध्ये गुजरातेत मोडासा भागात हिपॅटायटिस-बीची साथ पसरली आणि नव्वदच्या आसपास माणसं दगावली. वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्या जात होत्या, आणि तपासात टाकाऊ सिरिंजांचे भंगारातले साठेही सापडले. पुनर्वापर या शब्दाला त्या गावात वेगळाच अर्थ आला असेल. धुऊन वापरण्यासाठी बनवलेली वस्तू धुऊन वापरणं आणि फेकण्यासाठी बनवलेली वस्तू चोरून वापरणं, या दोन गोष्टी एका माळेत ओवणाऱ्यांनी मोडासा आठवावं.

म्हणूनच २८ मार्च २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत सगळं रंगांवर बांधलेलं आहे. रक्तानं माखलेला कापूस, शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत, ती भट्टीत जाते. सलाइनच्या नळ्या, कॅथेटर, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत. त्या वाफेनं निर्जंतुक करून त्यांचे तुकडे करायचे आणि प्लास्टिक पुनर्वापराला द्यायचं. सुया-पाती न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच आणि धातूची रोपणं निळ्या खोक्यात. सोडियम हायपोक्लोराइट, बारकोड, वजनाची नोंद, ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचं नाही. ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल तर दवाखान्यानं स्वतः काही जाळायचं नाही.

कागदावर चोख असलेली ही व्यवस्था एका साध्या गोष्टीवर अडते: बादली कुठे ठेवली आहे. एंडोस्कोपीच्या खोलीत पिवळी बादली टेबलाच्या पायथ्याशी आणि साधी कचरापेटी दाराबाहेर असेल, तर हातमोज्याचं खोकं, सिरिंजचं वेष्टन, बिस्किटाचा पुडा, सगळं पिवळ्यातच पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयातला सुमारे ८५ टक्के कचरा घरच्या कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो. तो पिवळ्या पिशवीत गेला की त्याच्यासाठी गाडी येते, भट्टी हजार अंशांच्या वर तापते आणि डिझेल जळतं. क्लोरीनयुक्त प्लास्टिक त्यात मिसळलं की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात, म्हणूनच पिशव्यांतून असं प्लास्टिक वगळायचा नियम झाला. बादल्यांची जागा बदलणं हा हरित उपाय म्हणून कोणत्याही परिषदेत टाळ्या घेणार नाही, पण फरक त्यानंच पडतो.

आणि भट्टी कोणाच्या तरी दाराशीच असते. मुंबईतल्या रुग्णालयांचा कचरा वर्षानुवर्षं गोवंडीत जळत आला. तिथल्या रहिवाशांनी दमा-खोकल्याच्या तक्रारी घेऊन न्यायालयात दाद मागितली, आणि २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते केंद्र दोन वर्षांत खालापूर तालुक्यात हलवायला सांगितलं. म्हणजे धूर रायगड जिल्ह्यात जाणार. देशात २०२०मध्ये रोज साडेसहाशे टनांच्या घरात जैववैद्यकीय कचरा तयार होत होता. कचरा कमी करण्याखेरीज या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही, बाकी सगळी फक्त पत्त्यांची अदलाबदल.

गोळीचं गाव

‘हेल्थ केअर विदाउट हार्म’ या संस्थेनं २०१९मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार जगाच्या एकूण उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा ४.४ टक्के आहे, आणि त्यातला सुमारे ७१ टक्के रुग्णालयाच्या आवाराबाहेर, पुरवठ्याच्या साखळीत तयार होतो. औषधं, उपकरणं, रसायनं, अन्न, वाहतूक. रुग्णालयात एलईडी दिवे लावून झाल्यावरही हा मोठा भाग तसाच राहतो. हा भाग कुठे असतो, हे बघायचं असेल तर बोईसर स्टेशनला उतरून पश्चिमेला तारापूर एमआयडीसीच्या रस्त्यानं जावं.

इथे औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. आमांश आणि पोटाच्या संसर्गावर दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लोक्सासिन अशी रोजच्या चिठ्ठीतली नावं इथल्या रिअ‍ॅक्टरमधून निघतात. त्याच वसाहतीत पोलाद, कापड, रंग, रसायनं. सगळ्यांचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून पाइपलाइननं नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिलं आलं होतं. परीक्षेत असा पहिला नंबर कुठल्याच गावाला नको असतो.

मुरबे, सातपाटी, नवापूर, दांडी इथल्या मच्छीमारांना हा निर्देशांक वाचावा लागला नाही. खाडीतली मासळी कमी झाली, जाळ्याला वास येऊ लागला, कधी मेलेले मासे काठाला लागले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. लवादानं तज्ज्ञ समिती नेमली. पर्यावरणाच्या भरपाईचा आकडा शंभर कोटींच्या पुढे गेला, आणि मग नेहमीप्रमाणे प्रकरण वरच्या पायऱ्या चढू लागलं.

मुंबईतल्या एखाद्या रुग्णालयानं ‘आम्ही हरित झालो’ असा फलक लावला, की सातपाटीच्या माणसानं हसावं की रडावं? त्या रुग्णालयाची औषधखरेदी स्वस्तातल्या स्वस्त निविदेवर चालते. सांडपाणी नीट शुद्ध करणारा कारखाना आणि रात्री नाल्यात सोडून देणारा कारखाना यांची गोळी त्या निविदेत एकाच रांगेत उभी राहते. खरेदीच्या अटीत सांडपाण्याचा तपासणी अहवाल मागितला, तर ही रांग बदलेल. सरकारी खरेदीत हे करणं अवघड नाही, कारण सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे.

दोंडाईचाची जाळी, मदुराईचा डोळा

काटकसरीतून पर्यावरण वाचतं, याची दोन उदाहरणं आपल्या जवळची आहेत. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत विकतच्या महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड धुऊन, कापून, निर्जंतुक करून वापरायला सुरुवात केली. बाजारातली जाळी हजारांत, ही काही रुपयांत. अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या साडेतीनशेहून अधिक हर्नियांच्या शस्त्रक्रियांचे निष्कर्ष २००३मध्ये भारतीय शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात छापून आले. पुढे युगांडात ३०२ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, आणि २०१६मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष आला, की वर्षभरानंतर दोन्ही जाळ्यांत लक्षणीय फरक नाही. टोणगावकरांच्या डोक्यात कार्बन नव्हता, समोरच्या शेतमजुराचा खिसा होता.

दुसरं उदाहरण मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं. तिथे मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेमागे सुमारे २५० ग्रॅम कचरा आणि ६ किलोच्या आसपास कार्बन निघतो, असं २०१७मध्ये अमेरिकी संशोधकांनी मोजलं. ब्रिटनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली तर निघणाऱ्या कार्बनच्या हे जेमतेम पाच टक्के. एका खोलीत दोन टेबलं, एकावर शस्त्रक्रिया चालू तोवर दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार, हत्यारं पटापट वाफेवर निर्जंतुक होऊन परत, डोळ्याच्या थेंबांची एक बाटली अनेकांना. अमेरिकेत यातल्या बऱ्याच गोष्टींना बंदी आहे. आणि संसर्ग? अरविंदच्या वीस लाख शस्त्रक्रियांच्या नोंदींत, शस्त्रक्रियेच्या वेळीच डोळ्यात प्रतिजैविक न सोडलेल्या रुग्णांमध्ये दहा हजारांमागे सात, आणि ते सोडलेल्यांमध्ये दोन. म्हणजे पाश्चात्त्य रुग्णालयं ‘सुरक्षेसाठी’ म्हणून जे फेकतात, त्यातलं बरंचसं सुरक्षेसाठी नसून खटल्याच्या भीतीपोटी असतं.

भूल हाही असाच मुद्दा. डेस्फ्लुरेन नावाचा भुलीचा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट वातावरण तापवतो. स्कॉटलंडनं मार्च २०२३मध्ये तो सरकारी रुग्णालयांतून काढून टाकला, युरोपीय संघानं १ जानेवारी २०२६पासून त्यावर निर्बंध घातले. ग्रामीण महाराष्ट्रात हर्निया, हायड्रोसिल, सिझेरियन या शस्त्रक्रिया मुख्यतः पाठीच्या इंजेक्शनवर होतात. तिथे वायूचा प्रश्नच येत नाही. शहरातल्या नव्या रुग्णालयांनी मात्र महागडा वायू म्हणजे चांगली भूल, हा समज सोडायला हवा.

न केलेली तपासणी

सगळ्यात हरित एंडोस्कोपी कोणती? जी करावीच लागली नाही ती. हे वाक्य युरोपातले पोटविकारतज्ज्ञ अलीकडे वारंवार ऐकवतात, आणि आपल्याकडे त्याला दोन बाजू आहेत. एकीकडे गरज असलेल्यांना तपासणी मिळत नाही. दुसरीकडे शहरात आणि शहराच्या काठावर, आरोग्य विमा असलेल्या तरुण माणसाला दोन दिवस ॲसिडिटी झाली तरी दुर्बीण सुचवली जाते. वजन घटणं, गिळायला त्रास, रक्ताची उलटी, काळी शौच, रक्तक्षय, सतत उलट्या असं काही नसेल आणि वय कमी असेल, तर आधी औषध देऊन बघणं किंवा शौचाच्या अथवा श्वासाच्या चाचणीनं हेलिकोबॅक्टर जंतू शोधणं हा मान्य मार्ग आहे. त्याला ना नळी लागते ना टब.

जी तपासणी लागते ती एकदाच नीट व्हावी, याचंही मोल मोठं. मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीआधी पोट साफ करायचं पाणी प्यावं लागतं. ते कसं, किती वाजता, किती वेळा प्यायचं, याचा कागद अजूनही पुष्कळ ठिकाणी इंग्रजीत मिळतो. वाचता येत नाही, विचारायचा संकोच, मग अर्धं पाणी पिऊन रुग्ण येतो. आत काही दिसत नाही, आणि पुन्हा तारीख. म्हणजे पुन्हा उपास, पुन्हा प्रवास, पुन्हा वीस मिनिटं जंतुनाशकाचा टब. मराठीत आणि वारली-कातकरी पाड्यांवर समजेल अशा चित्रांत छापलेला एक कागद या सगळ्यावर उतारा आहे.

तुकड्यांचंही तसंच. पोटातून घेतलेला प्रत्येक तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत जातो आणि प्रयोगशाळेत त्यावर मेण, रंग, काच, वीज खर्च होते. एका बाटलीच्या प्रक्रियेमागे सुमारे २९० ग्रॅम कार्बन निघतो, असं एका अमेरिकी अभ्यासात आढळलं. एकाच जागेचे तुकडे एकाच बाटलीत घालणं आणि ‘घेतलंय तर पाठवून देऊ’ ही सवय सोडणं, एवढं डॉक्टरांच्या हातात आहे.

रुग्णाच्या हातातही काही आहे. जुने रिपोर्ट, दुर्बिणीचे फोटो आणि बायोप्सीचा कागद घेऊन जा, नसल्यास मागून घ्या. ते नसले की नवा डॉक्टर सरळ तपासणी पुन्हा सांगतो. हीच तपासणी पालघर-बोईसरमध्ये होईल का, हे विचारा. तुकड्याचा रिपोर्ट फोनवर कळवाल का, तेही विचारा. विचारायला लाजू नका, त्यात कोणाचा अपमान नाही. मात्र गिळताना अन्न अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौच डांबरासारखी काळी होत असेल, तर त्याच आठवड्यात दुर्बीण करून घ्या, आणि मग ती मुंबईत झाली काय, सिल्वासात झाली काय, कार्बनचा हिशेब करत बसू नका.